लसणाचा हिशेब

बाराव्या महिन्याची अष्टमी.
आज लसूण सोलायचा म्हणजे सोलायचाच,
बाओदिंगमध्ये कुणालाही विचारा.
बरणीत पाकळ्या, वर तांदळाचा व्हिनेगर, चिमूटभर साखर,
झाकण घट्ट,
आणि वाट बघायची वर्ष सरायच्या रात्रीपर्यंत,
ज्याओझीचं ताट पुढ्यात येईपर्यंत.
तोवर पाकळ्या हिरव्या होतात.
लोक म्हणतात पाचूसारख्या.
मी एकतीस वर्षं रेल्वेच्या केबिनमध्ये काढली,
मला विचाराल तर
सिग्नलच्या काचेसारख्या.

सूयुन होती तेव्हा हे काम माझं नव्हतं.
माझं काम खायचं,
आणि खाऊन झाल्यावर म्हणायचं,
यंदा जरा आंबट झालाय.

आमच्या बोलीत लसूण आणि हिशेब
एकाच आवाजाचे. स्वान म्हटलं की दोन्ही आले.
जुन्या काळी म्हणे दुकानदार तोंडानं उधारी मागत नसत.
अष्टमीला दारात लसणाची बरणी ठेवून जात,
घेणारा काय ते समजत असे.
यीफानला हे सांगितलं तर म्हणते,
बाबा, आता मेसेज येतो.

तर मी बाजारातून लसूण आणला, जांभळ्या सालीचा, चांगला टपोरा.
सोलताना नखं चुरचुरली.
लवकर व्हावा म्हणून बरणी हीटरवर ठेवली.
चार दिवस झाले, सहा झाले,
पाकळ्या पांढऱ्याच.
आजाऱ्याच्या नखांसारख्या पांढऱ्या.

त्सांगजोला फोन लावला, मेहुणीला.
गुईझेन हसली. शरदानंतर पहिल्यांदाच
तिचं हसू ऐकलं मी.
"भाऊजी, थंडीत किती दिवस होता लसूण?"
कुठली थंडी? दुकानातून आणला, उबेला ठेवला.
"मग कसा हिरवा होईल?
आधी गारठा खावा लागतो त्याला, महिना दोन महिने.
नुसत्या व्हिनेगरनं काही होत नाही.
ताई केव्हाच टांगून ठेवायची.
गॅलरीत बघा, कोबीच्या मागं, वर."

कोबीचे गड्डे एकावर एक, कागदात गुंडाळलेले,
तेही तिनंच सांगून माझ्याकडून रचून घेतलेले.
त्यांच्या मागं, वर,
माझाही हात पोचणार नाही अशा खिळ्याला
लाल जाळीची पिशवी.
आत अकरा गड्डे, बर्फासारखे गार.

ऑक्टोबरच्या नऊ तारखेला तिला इस्पितळात नेलं.
त्याच्या आधीच कधीतरी.
दोन मजले चढताना तीनदा थांबायची तेव्हा.
म्हणजे ती स्टुलावर चढली,
आणि मी घरात होतो की नव्हतो
काही केल्या आठवत नाही.

गाठ सोडली नाही मी.
जाळी खालून कापली.

दुसरी बरणी तीन दिवसांत बदलायला लागली,
आधी एका पाकळीची कड,
मग शेजारच्या दोन,
मग सकाळी उठून बघतो तर सगळ्या.
पहिली फेकली नाही. पांढरी तर पांढरी,
मधल्या दिवसांत नूडल्सबरोबर एकट्यानं संपवली.

यीफान शेनझेनहून आली, एका बॅगेत चार दिवस घेऊन.
आम्ही दोघांनी कणीक मळली, कोबी आणि डुकराचा खिमा,
आलं जास्त पडलं.
तिच्या ज्याओझीला मुरड बरी होती,
माझी ताटात दारुड्यांसारखी कलंडत होती.
तीन पाण्यात फुटली.
नाणं ज्यात घातलं होतं
ते त्या तिघांपैकीच निघालं,
झाऱ्यानं शोधून काढलं, पुसून खिशात टाकलं.

बाहेर फटाक्यांना बंदी आहे म्हणतात,
तरी कुठून तरी वाजतच होते.
यीफाननं हिरवी पाकळी तोंडात टाकली,
डोळे मिटले, चावली,
आणि म्हणाली,
यंदा जरा आंबट झालाय.

मी आणखी चार पाकळ्या तिच्या वाटीत घातल्या.

गॅलरीत खिळ्याला ती गाठ आहे अजून,
लाल जाळीचं बोटभर टोक, वाऱ्यानं हलतं.
काढायचं तर स्टूल लागेल.