मोहाखाली जाळी

नागपूरहून जबलपूर हायवे धरायचा,
देवलापार सोडलं की डाव्या हाताला कच्चा फाटा.
पाटी पुतण्यानं रंगवली,
'मुक्काम' मधला 'क्का' जरा जास्तच फुगलाय.
दोन खोल्या, शेणानं सारवलेल्या.
संडास एक, दाराला आतून वीट लावायची.
पंखा आहे, वीज असली तर.
वाघ नाही, हे आधीच सांगते.
वाघ त्याच्या कामानं येतो, तुमच्या सुट्टीनं नाही.

तरी लोक विचारतात.
पहाटे जिप्सीत बसून जातात,
दुपारी सुतकी चेहऱ्यानं परततात,
कॅमेऱ्यात सांबराची पाठ.
मी लाखोरीची डाळ वाढते, ज्वारीची भाकर.
जेवताना कुणी बोलत नाही,
मग तिसऱ्या भाकरीला विचारतात, ही डाळ कुठली?

चैतात एक बाई आली, ग्रीसहून.
स्तामातिया.
पोट्ट्यांनी दुपारपर्यंत तिची तामतीबाई केली.
साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे,
हाताला घट्टे.
घट्टे पाहून मला बरं वाटलं.
सोबत धरमपेठेतली देवश्री, दुभाषी,
अर्धं सांगायची, अर्धं मोबाइलात शोधायची.

तिला जिप्सी नको होती.
अंधारातच उठून माझ्यामागं मोहाखाली आली.
मी रोजच्यासारखा पाला ओढला, काडी लावली.
जमीन काळी झाली की फुलं दिसतात,
सासू हेच करायची, तिची सासूही.
बाई उकिडवी बसली
आणि राखेतून बोटाएवढं काही उचललं.
मोहाचंच रोप, दोन पानांचं, करपलेलं.
माझ्याकडं पाहिलं नाही तिनं.
पाहिलं असतं तर मी भांडले असते.

मग गळ्यातला रुमाल सोडून झाडाखाली अंथरला.
टप्.
थोड्या वेळानं आणखी एक. टप्.
देवश्री म्हणाली, "यांच्याकडे जैतुनाची झाडं असतात, काकू.
खाली जाळ्या टाकतात."
मी म्हटलं, "विचार तिला, जाळीचे पैसे कोण देते?"
बाई हसली. हा प्रश्न तिला
मोबाइलशिवाय कळला.

रात्री अंगणात तिनं गाव सांगितलं.
डोंगरावर चाळीस घरं, पांढऱ्या भिंती,
सगळी भाड्यानं, सगळी बुक.
किल्ली कुंडीखाली असते.
पाहुणे कुंडी उचलतात, आत जातात,
समोरच्या दारातले पाहुणे त्यांना विचारतात,
इथं राहणारी माणसं कुठं गेली?
देवश्री थांबली. पुढचं शोधायला नव्हे,
नुसतीच थांबली.

पुतण्या तेव्हा बारा खोल्यांचा नकाशा घेऊन फिरून राहिला होता.
नागपूरचा बोदेले शेठ पैसा लावणार,
पोहायला हौद, कमानीवर सिमेंटचा वाघ.
मी म्हटलं, "बांध. पण मले सांग,
तुही किल्ली कोणत्या कुंडीखाली ठेवशील?"
चार दिवस बोलला नाही माझ्याशी.
पाचव्या दिवशी काटोलहून आला,
मोटरसायकलवर मागं गुंडाळी बांधलेली:
संत्र्याच्या नर्सरीतली जुनी हिरवी जाळी,
दोन जागी फाटकी.
नकाशा अजून त्याच्या खिशात आहे. मला माहीत आहे.

आम्ही जाळी शिवली, झाडाखाली बांधली.
पहिल्या सकाळी फुलं वेचून साडेआठलाच घरी.
राख नाही, डोळ्यांत धूर नाही,
हातांना काय करावं कळेना.

तिसऱ्या सकाळी जाळी एका कोपऱ्यात खाली आलेली,
फुलं अर्धीच, आणि मधोमध
अस्वलाची विष्ठा, ताजी.
पुतण्या शिव्या देत होता.
मी घरी येऊन पाहुण्यांची वही उघडली,
तामतीबाईच्या न वाचता येणाऱ्या ओळींखाली लिहिलं:
आले, एक. गाव, हेच.
मुक्काम नाही.
दिले, काही नाही.
नेले, अंदाजे दोन किलो.