पोट्टे

जॉबी गेला तेव्हा सोहारमध्ये पंचेचाळीस डिग्री होतं.
कंपनीने पंधरा दिवस दिले होते,
फ्रिज, सोफा, मुलीची सायकल विकण्यात ते संपले.
कैसरला कुणी घेतलं नाही.
कोरड्या ओढ्यातून उचललेला, वाळूच्याच रंगाचा,
पाय लांब, एक कान कायम भलतीकडे.
दोरी माझ्या हातात देताना जॉबी म्हणाला,
चेची, याला फक्त मल्याळम कळतं.

माझ्या घरच्या दोघांना मराठी कळतं,
पण ते ऐकत नाहीत.
सांभार, भाजीच्या दुकानामागे
कोथिंबिरीच्या खोक्यात सापडलेली.
(आम्ही वऱ्हाडात कोथिंबिरीला सांभार म्हणतो,
हे जॉबीला शेवटपर्यंत पटलं नाही.)
आणि बैसा, अर्ध्या शेपटीचा बोका,
नाव नाण्याचं, तेही सगळ्यात लहान.

पहिला आठवडा कैसर मागच्या खोलीत. दार बंद.
रोज संध्याकाळी त्याची चादर मी हॉलमध्ये नेई,
मांजरांचा जुना टॉवेल त्याच्याकडे.
आधी नुसते वास गेले एकमेकांकडे,
स्थळ बघायला पाठवलेल्या मामांसारखे,
आणि चहा न घेताच परतले.

मग दाराच्या अलीकडे-पलीकडे वाट्या,
रोज एक फरशी जवळ.
मासळीबाजारातली डोकी उकडून उकडून
पडद्यांनासुद्धा वास लागला.
दाराखालच्या फटीत एक नाक.
एक पंजा.
नाकावर तीन बारीक रेघा, हळद लावली.

हेरंब म्हणाला, कुणीतरी एक जाईल बघ यातलं.
त्याच्या ऑफिसात त्या महिन्यात यादी लागायची होती.
आम्ही यादीबद्दल बोलत नव्हतो.
आम्ही कुत्र्याबद्दल बोलत होतो.

दार उघडलं त्या दिवशी
दोरी मी कमरेला बांधून पोळ्या केल्या.
सांभार फ्रिजवर चढली ती चढलीच.
बैसा पॅसेजमध्ये बाटली धुवायच्या ब्रशसारखा उभा,
आणि कैसर, त्याच्या तिप्पट,
भिंतीकडे तोंड करून बसला,
मी इथे नाहीच, असं.
कुणी शिकवलं असेल त्याला हे?
मी म्हटलं, बस. त्याला कळलं नाही.
मी म्हटलं, इरिक्क.
तो बसला, आणि माझ्या पाठीमागे बघू लागला,
हा शब्द ज्याचा, तो कुठे आहे.

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली की तो दारात.
पाण्याचे कॅन आणणारा पोरगा.
नाइट ड्यूटीहून येणारी फिलिपिनो नर्स.
चुकून थांबलेली रिकामी लिफ्ट.
प्रत्येक वेळी तेवढीच घाई.

एका शुक्रवारी त्रिशूरहून व्हिडिओ कॉल आला.
मागे पाऊस, कुणाचं तरी घर, जॉबी बारीक झालेला.
कैसरे, वा.
त्याने फोनची मागची बाजू हुंगली,
सोफ्याखाली पाहिलं, बाल्कनीत जाऊन आला,
आणि आधण यायच्या आधी किटली वाजते
तसा बारीक वाजत राहिला.
बैसाने पुढे येऊन फोन पंज्याने पालथा पाडला.
पालथ्या फोनमधून जॉबीचा आवाज,
पोट्टेडा, पोट्टे, पोट्टे.

नंतर मी अर्थ विचारला.
जाऊ दे, म्हणाला. असू दे.
पडलेल्या लेकराला उचलताना म्हणतात ना, तसं.
आमच्याकडे पोट्टे म्हणजे पोरं, मी सांगितलं.
यावर तो थोडा वेळ बोलला नाही.

यादी लागली. हेरंबचं नाव नव्हतं.
आम्ही तेव्हाही फारसं बोललो नाही,
फक्त रात्री माशाची दोन डोकी जास्त उकडली.

काल अकराला लिफ्ट थांबली.
कैसर दारात गेला.
जरा वेळाने बैसा खुर्चीवरून उतरला,
एक फरशी सोडून बसला,
कुत्र्याकडे नाही, दाराकडे बघत.
समोरच्या फ्लॅटची चावी फिरली,
फटीतला उजेड गेला.
दोघंही हलले नाहीत.
मी ओट्यापाशी उभी होते. म्हटलं, पोट्टे.
कैसरने मान वळवली.
बैसानेही.

सांभार अजून फ्रिजवरच आहे.