अस्तर

लिमा शहर. विल्सन रस्ता, तिसरा मजला, गाळा बेचाळीस.
बाहेर जुलैचं आभाळ, न पिळलेल्या फडक्यासारखं.
इथे हिवाळ्यात धड पाऊस नाही, नुसती ओल
कठड्यावर, आणि नोटांच्या घडीत.

बाईंनी त्या ओलसर नोटा माझ्यापुढे मोजल्या.
तेराशे साठ सोल. वर एक सोल नाही.
एदुविहेस त्यांचं नाव. गमार्रा बाजारात शाळेचे गणवेश शिवतात.
बोटाला चिकटपट्टी, स्वेटरच्या बाहीत विसरलेली टाचणी.
सोबत मुलगी यादिरा,
वहीच्या मागच्या पानावर सुट्या भागांची यादी,
प्रत्येक किमतीवर खाडाखोड.

"तयारच द्या," बाई म्हणाल्या.
"वायर लावली की चालू. वर्षाची हमी.
बिघडला तर भांडायला माणूस एकच."
तो माणूस मी. मला चालणार होतं.
तयार डब्यामागे मला दीडशे सुटतात,
सुट्या भागांमागे चहापाणी.

"आई, तेवढ्याच पैशांत..."
"गप."

मी डबा पुढे सरकवला. काळी काच,
आत जत्रेच्या पाळण्यासारखे जांभळे पंखे.
बाईंनी दिव्यांकडे बघितलंच नाही.
कड चाचपली, अंगठ्याने कोपरा दाबला.
पत्रा कुरकुरला.
मग म्हणाल्या, "याचं अस्तर दाखवा."

वीस वर्षं झाली गाळ्याला.
प्रोसेसर विचारणारे आले, हप्ते विचारणारे आले,
'गेम चालेल ना' विचारणारी पोरं तर रोजची.
अस्तर कुणी मागितलं नव्हतं.
मी स्क्रू काढले.

वीज पुरवणारी पेटी बाईंनी तळहातावर तोलली.
"हलकी आहे."
होतीच. बनवणाऱ्याला माहीत, मलाही माहीत.
मेमरीची पट्टी एक, शेजारची खाच रिकामी:
काज आहे, बटण नाही.
"वरून मखमल, आतून मांजरपाट," एवढंच बोलल्या,
आणि नोटा लेकीच्या हातात दिल्या.

दोन तास ती मजल्यामागून मजले फिरली.
परतली ती एक पोचा पडलेला वापरलेला डबा घेऊन,
दोन पट्ट्या, जड पेटी, कुणाचातरी जुना प्रोसेसर.
उरले आठ सोल.
मी माझं स्टूल दिलं, स्क्रूड्रायव्हर दिला.
का दिला, विचारू नका.

प्रोसेसरवर मसुराच्या दाण्याएवढा लेप.
"पुरेल?"
"जास्त झाला तर ओघळतो, आई."
बाई बघत होत्या, जशा नव्या कारागिराकडे बघतात,
हातांकडे, तोंडाकडे नाही.

बटण दाबलं. काही नाही.
परत दाबलं. काही नाही.
माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं,
खोटं कशाला बोलू, जरा गोडही लागत होतं ते.
यादिराचे कान लाल झाले.

"उसव," बाई म्हणाल्या, आवाज न चढवता. "परत घाल."

तिने पट्ट्या काढल्या, पुन्हा ठेवल्या,
दोन्ही टोकांवर अंगठे रोवले.
टक्.
पंखा फिरला, साधा, बिनदिव्याचा.
पडद्यावर पांढरी अक्षरं आली.
"काय म्हणतोय?"
"आत अजून काही नाही म्हणतोय."
"मग बरोबर आहे," म्हणत बाईंनी
उरलेल्या आठ सोलांचं गरम काही प्यायला नेलं तिला.

तो तयार डबा दुसऱ्या दिवशी गेला.
एराक्लिदेस नावाचे निवृत्त बसचालक,
हात कापणारे; मुलगा तोरिनोत, त्याचा चेहरा बघायचा एवढंच.
त्यांना कोण सांगणार, बसा आणि जोडा?
दिवे सुंदर आहेत, म्हणाले.
मी "पाच मिनिटं थांबा" म्हटलं
आणि आत जाऊन पेटी बदलली.

नव्वद सोल गेले.
तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं.
पण आता डबा कुठलाही उचलला
की हाताला आधी वजन कळतं.
एदुविहेस बाई मला फार महागात पडल्या.