खुरांवर हात

तोरूच्या सडांवर मेण धरलं मंगळवारीच.
दोन पिवळे थेंब, थिजलेल्या मधासारखे.
एर्मेक म्हणाला, आज नक्की.
आज नाही, म्हणाले मी. उद्याचंही सांगत नाही.
घोडी आपली वेळ कुणाला कळू देत नाही,
टक लावून बसलेल्याला तर नाहीच.

अत-बाशीच्या खोऱ्यात एप्रिल म्हणजे उरलेला हिवाळा.
तीन रात्री आम्ही गवताच्या भाऱ्यांवर काढल्या
एका कांबळ्यात, कंदील बारीक करून,
तिचं रवंरवं चघळणं ऐकत.
ते थांबलं की आमचा श्वास थांबायचा.
पुन्हा सुरू झालं की आम्हीही सुरू.

त्याला सगळं सांगून ठेवलं होतं.
आधी पिशवी दिसेल, पांढुरकी, सायीसारखी.
मग एक खूर. दुसरा जरा मागे.
मग गुडघ्यांवर टेकलेलं नाक.
असं असेल तर हात खिशात ठेव.
एकच खूर असेल तर तिला उठव, चालव, मला हाक मार.
तळवे आभाळाकडे असतील तरी हाक मार.
आणि लाल दिसलं, मखमलीसारखं लाल,
तर हाकही मारू नकोस. चाकू घे. फाड.
"फाड?"
"आत त्याचा जीव गुदमरतोय, आणि तू मला शोधत फिरणार?"

हे मला कसं कळलं, ते त्यानं विचारलं नाही.
माझे सासरे, सापारआली, त्या रात्री गावात नव्हते.
लाल आलं, आणि मी बघत राहिले
कंदील जवळ नेऊन,
काय रंग आहे म्हणून.

चौथ्या रात्री चहा आणायला गेलो. दोघंही.
किटली उकळेपर्यंत, एवढंच.
आलो तर शिंगरू होतं.
ओलंचिंब, कान मानेला चिकटलेले,
खुरांना अजून ती मऊ पिवळट झालर,
आणि तोरू आमच्याकडे बघत होती
उशिरा उठलेल्या सुनेकडे बघावं तशी.

तासाभरात उभं. पडलं. उभं.
मग बराच वेळ भिंतीलाच लुचत राहिलं, मूर्ख,
मग एकदाचा चीक ओठाला लागला.
उजाडताना वार पडली.

मी ती बर्फावर पसरली.
पायजम्यासारखी असते: एक धड, दोन पाय.
एक पाय टोकापर्यंत शाबूत.
दुसऱ्याला टोकच नव्हतं.
तळहाताएवढा तुकडा.
गवत उपसलं, शेण चिवडलं, कंदील घेऊन कोपरे पाहिले.
दारात अक्तोश बसला होता, आमचा कुत्रा,
मिशा चाटत,
आणि त्याच्या तोंडावरून काहीच कळेना.

तो तुकडा एकतर त्याच्या पोटात होता, नाहीतर तिच्या.

त्याच्या असेल तर सुटलो.
तिच्या असेल तर आधी ताप, मग खूर आतून जळतात,
आणि घोडी उभ्या जागी म्हातारी होते.

फोन लागतो तो फक्त थडग्यांच्या टेकडीवर.
एर्मेक गुडघाभर बर्फातून चढला.
कुबात डॉक्टर म्हणाले, खिंड बंद आहे.
इंजेक्शन आहे का घरात? अर्धी बाटली होती. ते द्या.
आणि खुरांवर हात ठेवा, दर दोन तासांनी.

तीन दिवस.
मी वाकायची, चारही खूर, एकेक, दोन्ही तळव्यांनी.
पाच लेकरांची कपाळं पाहिलेले हात,
पण खूर काही कपाळ नव्हे.
गरम वाटायचा, मग कळायचं, माझाच हात गरम होता.
हात बर्फात बुडवून पुन्हा.
शिंगरू मागून येऊन माझी वेणी चघळायचं.

चौथ्या पहाटे तोरूनं बादली लाथेनं उडवली.
खूर थंड. चारही. नदीतल्या गोट्यांसारखे.

आत जाऊन पातेल्यातलं मोठं हाड काढलं,
मांसासकट, पाहुण्यासाठी राखलेलं,
आणि अक्तोशपुढे टाकलं.
"हे कशाबद्दल?" एर्मेक.
"चोरीबद्दल," मी म्हणाले.
"केली असेल तर."