गंज आधी, अक्षरं नंतर

गोरित्सियाच्या रविवारच्या बाजारात
माझं टेबल शेवटचं, सांडपाण्याच्या जाळीपाशी.
बोरा वारा सुटला की ताडपत्री आपटत राहते.
मी सिल्वानो ब्रुमात. चाळीस वर्षं लेथ चालवला,
आता लोखंडाचं वय सांगतो. फुकट.
फुकट सांगतो म्हणून लोकांना जास्त राग येतो.

सकाळी एकाने खंजीर आणला, म्यानाला चहाचा वास.
'खंदकातला आहे,' म्हणाला.
म्हटलं, साखर किती घालायचे खंदकात?
त्याच्या आधीच्याच्या मुठीत फुलीच्या खाचेचा स्क्रू.
सोळा साली तो पिळायला
पेचकस अजून जन्माला यायचा होता.

अकराच्या सुमाराला अल्बिना फिगेल्य आली.
सत्तरीची, गुडघ्यांना पट्टे,
भांडी पुसायच्या फडक्यात काहीतरी अंड्यासारखं जपून धरलेलं.
'आजोबांनी काढून घेतला. ऑस्ट्रियन कॅप्टनच्या कमरेचा.
सतरा सालच्या ऑक्टोबरात, धुक्यात.
नाव कोरलंय बघा.'

मी नाव कधीच आधी बघत नाही.
आधी वजन. मग मूठ : लाकडी, तीन रिवेट,
तिन्ही एकाच यंत्राने दाबलेले.
म्यानाचा हिरवट रंग खाचांत शाबूत, बाहेर गेलेला,
कमरेला घासून जातो तसा,
पॉलिश पेपरने जातो तसा नव्हे.
जिभेचं टोक लावलं (बायको असती तर ओरडली असती).
आंबट नाही. अॅसिड नाही.
खंजीर खरा.

आणि तिथंच पाणी मुरत होतं.
असला खंजीर कॅप्टन बांधत नसे.
हा शिपायाचा, ढिगाने काढलेला,
चिखलात उताणं झोपणाऱ्याचा.

मग भिंग नावावर नेलं.
गंजाचे खड्डे जुने, काळे, खोल,
आणि अक्षरांच्या कडा त्या खड्ड्यांना कापत गेलेल्या,
सुरी साय कापत जाते तशा.
गंज आधी. अक्षरं नंतर.
पाच वर्षांनी की दहा, कोण जाणे.

तिला लगेच सांगितलं नाही.
विचारलं, आजोबांचं गाव?
'नदीपलीकडचं.'
आणि फौज कुठली?
ती फडक्याच्या घड्या घालायला लागली.

नदीपलीकडची पोरं तेव्हा सम्राटाच्याच फौजेत,
हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
लढाई संपली, सरहद्द त्यांच्या अंगणावरून पुढे सरकली,
पाट्या बदलल्या, मास्तर बदलले,
आडनावांच्या शेपट्या छाटल्या गेल्या.
अशा वेळी घराच्या झडतीत
हरलेल्या राजाचा खंजीर निघाला तर?
तर तो कुणाकडून तरी हिसकावलेला असावा.
तेवढं कोरायला
एक खिळा, एक रात्र, आतून कडी.

'आजीने त्यानेच रादिक्यो काढला आयुष्यभर,' अल्बिना म्हणाली,
'बर्फ उकरून, मुळापासून.'
एकीकडची धार जास्त खाल्लेली मी पाहिलीच होती.

'म्हणजे खोटा?'
नाही हो.
'म्हणजे आजोबा खोटे?'
याला माझ्याकडे भिंग नाही.

मग तिने किंमत विचारली.
कॅप्टनच्या नावासकट नऊशे, मी म्हटलं,
शिपायाचा म्हणून दोनशे.
बराच वेळ वारा ऐकत उभी राहिली.
'मग दोनशेचाच राहू द्या,' म्हणाली,
आणि फडक्यात गुंडाळून घरी घेऊन गेली.

रात्री काचेचं कपाट उघडलं.
एक्केचाळीस खंजीर, एक्केचाळीस चिठ्ठ्या, अक्षर माझं.
नऊ नंबरवर लिहिलंय :
'सान मिकेलेच्या उतारावर सापडला, १९७४.'
उदिनेच्या स्टेशनाबाहेर विकत घेतला होता.
एकोणीस वर्षांचा होतो, एका मुलीला दाखवायचा होता.
शाई मात्र चौऱ्याहत्तरचीच आहे.
हवी तर तपासून घ्या.