सोळा बाय सोळा

दिवसभर मी फूट मोजते.
वीस बाय दहा, दहा बाय आठ,
वाढदिवस, दशक्रिया, नवीन मिसळ सेंटर.
धनपालशेठ मागं उभे राहून म्हणतात,
'फोटो फाटायलाय बघ, जरा गुळगुळीत कर.'
व्हॉट्सॲपवर आलेला अंगठ्याएवढा चेहरा
मी ताणते, पुसते, गालांवरून ब्रश फिरवते,
मुरमांचे खड्डे जातात, मानेवरची घडी जाते,
माणूस भिंतीएवढा होतो
आणि कुणासारखाच दिसत नाही.

रात्री साडेनऊनंतर
शटर अर्धं खाली ओढून
मी चौकोन मोजते.
सोळा आडवे, सोळा उभे. दोनशे छप्पन्न. संपलं.
मिरजेच्या तौफिक मुजावरचा गेम आहे,
त्याला भिंत पाहिजे, पायरी पाहिजे, पत्रा पाहिजे,
आणि पाणी, जे दर मिनिटाला एक ओळ चढतं.
'तू नुसत्या फरश्या कर,' तो म्हणाला, 'बसवतो मी.'

आधी दुकानातलंच सॉफ्टवेअर उघडलं,
कुणी कधी टाकलेलं कुणालाच माहीत नाही,
उघडेपर्यंत चहा येऊन जातो.
त्याला एक वीट काढायला सांगितली
तर तिच्या कडेनं धूर काढला त्यानं,
विटकरीतून करड्यात जाताना
न मागितलेले चार रंग मधे.
सवयच त्याला. माझ्या हातासारखी.

मग साधं पेंट, शाळेतलं.
कडा स्वच्छ, पण पारदर्शक म्हणजे काय
ते त्या जुन्या पेंटला ठाऊकच नाही;
झाडाभोवती पांढरा चौकोन,
इस्त्रीवाल्याच्या चिठ्ठीसारखा चिकटलेला.

फुकटातलं एक मिळालं, सगळं होतं त्यात,
लग्नघरातल्या माळ्यासारखं:
झारा आहे नक्की, पण कुठल्या पातेल्याखाली?
पेन्सिल सापडायला दोन रात्री गेल्या.
'मोठं करताना मधलं काही भरू नकोस'
हे सांगायची जागा तिसऱ्या रात्री.

आणि एक अगदी छोटं, फक्त ह्याच कामाचं.
बत्तीस रंगांची पेटी,
शेजारी तोच तुकडा नऊ वेळा मांडून दाखवतं,
शिवण कुठं दिसते ते लगेच कळतं.
किंमत माझ्या तीन दिवसांच्या पगाराएवढी.
तौफिक म्हणाला, 'फुकटातच भागव की.'
म्हटलं, भागवते.

भिंत मात्र जमेना.
मी मारुती चौकाजवळची, आमचीच काढत होते,
पोपटी रंग, बटणांच्या बोर्डावर चार बोटं ती रेघ.
आयर्विनला सत्तावन्न फूट होतं तेव्हाची.
दोनदा रंग दिला, दोनदा वर आली.
चुकून, हाताच्या सवयीनं, ब्रशच घेतला.
रेघ विरघळली वरच्या पोपटीत.
छान दिसली. बॅनरवर चालली असती.

पण पाणी असं विरत नाही कुठं.
ते एका ओळीला थांबतं.
खालचं गेलेलं असतं, वरचं जिथल्या तिथं:
खिळा, कॅलेंडर, बाबांचं घड्याळ, कोरडं, चालू.
मधे काही रंग नसतो.

छोट्याचे पैसे भरून टाकले.
शेठकडनं उचल घेतली, 'कशाला?' म्हणाले,
सांगितलं, पेन्सिल.

वरून सहावी ओळ, सोळा चौकोन.
गाळाचा रंग सापडायला पाऊण तास लागला,
तपकिरी नाही, हिरवट नाही,
हरिपूरच्या भिजलेल्या पेवाच्या जवळपासचा.
मग एकेक टिंब ठेवत गेले,
डावीकडून उजवीकडं.

सकाळी ते तसंच उघडं राहिलं होतं.
शेठनी चष्मा वर केला.
'हे काय, सगळंच फाटलंय की गं.'
'मुद्दाम फाडलंय.'
बॅनर बघताना जातात तसे तीन पावलं मागं गेले,
लॅमिनेशनच्या मशीनला टेकले.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
'आमच्याकडं माडीच्या चौथ्या पायरीवर होतं,' म्हणाले.
मग, 'ते वाढदिवसाचं घे आधी,
पार्टी बाहेर उभी आहे.'