जिभांचे पैसे

आठव्या वर्षी मी कमवायला लागले.
बोत्सफ्योरच्या धक्क्यावर, मासळीच्या शेडमागे
एक फळी, फळीत एक खिळा.
कॉडचं मुंडकं खिळ्यावर दाबायचं,
हनुवटीखालून सुरी फिरवायची
की जीभ सुटून तळहातावर येते,
गार, बुळबुळीत, दुसऱ्याच्या घरचं बाळ असल्यासारखी.
किलोला दीड क्रोन.
माझा भाऊ आन्ते माझ्यापेक्षा भरभर कापायचा
आणि माझ्या टोपलीत दोन-चार टाकायचा,
मी बघत नाही असं समजून.

सात घरं झाली आमची.
हा हिशोब आईचा. बाबा पाचच म्हणायचे,
कारण दोनदा ते बोटीवरून परतले
तर घरात दुसरीच माणसं जेवत होती.
त्या माणसांनी त्यांना बटाटे वाढले
आणि आमचा नवा पत्ता सांगितला.

बिऱ्हाड म्हणजे शिवणयंत्र, रेनडिअरची दोन कातडी,
कॉफीचा डबा, आणि गवताची पेंढी.
गवत बुटात भरायचं. आई स्वतः भरायची,
कुटून, मऊ करून, गोल वळून,
टाचेला जास्त, बोटांना कमी.
बाहेर दोन महिने सूर्य नाही,
दुपारी बारा वाजता डोंगरामागे
जराशी निळी राख.
पोस्टाच्या बोटीचा भोंगा वाजला की
आई हातातलं गवत तसंच धरून थांबायची.
मग पुन्हा वळायला घ्यायची.
चौथ्या घरात खिडकीला काच नव्हती, पुठ्ठा होता,
त्यावर आन्तेने एक खिडकी काढली.

मग वसतिगृहाची शाळा.
खाट एकोणीस. फ्रू येल्मेसेत, किल्ल्यांचा जुडगा,
आणि जेवणाच्या टेबलावर काचेची बरणी.
घरची भाषा तोंडातून निघाली
की शब्दाला पाच ओरे.
मारत नसत. हे मुद्दाम सांगते,
नाहीतर लोक तेवढंच विचारतात.
मी झोपेत बोलायची. त्याचेही धरले.
पहिल्या हिवाळ्यात जिभांचे सगळे पैसे
त्या बरणीत गेले, नाणं नाणं,
आणि नाताळात बरणी फोडून
सगळ्यांना संत्री आणली.
मीही एक खाल्लं.
गोड होतं. खोटं कशाला बोलू.

आन्तेने पैसे भरले नाहीत.
तो बोलायचाच बंद झाला,
दोन्ही भाषांत,
आणि सोळाव्या वर्षी एका रशियन बोटीच्या खलाशांशी
हातवाऱ्यांनी मैत्री करताना दिसला, म्हणतात.
त्यापुढचं मला माहीत नाही.
आईला माहीत असेल असं मला वाटायचं.
आईला वाटायचं, मला.

परवाचीच गोष्ट. परवा म्हणजे अकरा वर्षं झाली.
हम्मरफेस्टचं इस्पितळ, तिसरा मजला.
आईची नॉर्वेजियन एकेक पायरी उतरून निघून गेली होती.
पोरं मोठी होऊन शहरात जातात, तशी.
उरली ती जुनी, बरणीतली.
ती माझ्याकडे बघून काही विचारत होती,
पुन्हा पुन्हा, तेच,
आणि मी तिच्या हातावर हात ठेवून
नुसती मान हलवत होते, डॉक्टरांसारखी.

रात्रपाळीला माय्या नावाची नर्स आली,
काराशोकची, माझ्या निम्म्या वयाची.
कान देऊन ऐकलं तिने. हसली.
म्हणाली, विचारतायत,
बुटात गवत भरलंस का?

माझे बूट दुकानातले, आतून लोकरीचे.
पण समजावून सांगायला लागतात
तेवढे शब्द माझ्याजवळ नव्हते.
एकच सापडला, कुठल्या तरी अस्तराला चिकटून राहिलेला.
युओ, म्हटलं मी. हो.
आईने डोळे मिटले.

आणि माझा हात
आपोआप खिशात गेला,
सुट्टे शोधायला.